रात्रीच्या चार फेऱ्या

शुगर आहे म्हणजे रात्री लघवीला उठावं लागणारच, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की कधी तक्रारही केली नाही. टाइप २ मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली. रात्री तीन-चार फेऱ्या ठरलेल्या. शेवटच्या फेरीनंतर डोळा लागतो न लागतो तोच दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा. मग दिवसभर पेंग. एकदा पणजीहून डिचोलीला येताना बसमध्ये असा झोपलो की कंडक्टरने उठवलं ते थेट पुढच्या साखळी गावात.

आधीच्या डॉक्टरांनी विषय दोन वाक्यांत संपवला होता: वजन उतरवा, संध्याकाळनंतर पाणी कमी प्या. नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र माझी ग्लुकोमीटरची वही नीट चाळली. म्हणाल्या, "साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. तुमची रात्रीची १४०च्या आसपास दिसते. मग उठता कशाला?"

मी गप्प. सोबत आलेली बायको बोलली, "यांच्या घोरण्याची सवय झालीय हो. पण ते मध्येच बंद पडतं ना, तेव्हा मी अंक मोजत पडते. एकदा पंचवीसपर्यंत गेले."

डॉक्टरांनी वही मिटली, टेप काढून माझी मान मोजली आणि स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी लिहून दिली.

त्या रात्री पणजीतल्या एका खासगी रुग्णालयात डोक्याला, हनुवटीला, पायाला तारा चिकटवल्या. छातीवर-पोटावर पट्टे, नाकात नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. कुशीवर वळायची चोरी. अशात कोण झोपणार, असं म्हणेपर्यंत मी झोपलोसुद्धा. तारांखालचा चिकट लेप पुढचे दोन दिवस केसांतून निघत होता.

रिपोर्टात तासाला ३४ वेळा श्वास अडखळल्याची नोंद. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो; ३०च्या पुढे गेलं की तो तीव्र. रक्तातला ऑक्सिजन एकदा ७९ टक्क्यांवर आलेला. घसा बंद असताना छाती श्वास ओढायला धडपडते, हृदयावर ताण येतो आणि मग हृदयच एक संप्रेरक सोडतं, त्याने लघवी वाढते. म्हणजे माझ्या फेऱ्यांचं मूळ गळ्यात होतं आणि मी नऊ वर्षं साखरेला शिव्या घालत होतो.

सीपॅप मशीन घेतलं, मास्कातून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं. पहिला आठवडा नुसता छळ. मिशीमुळे मास्क नीट बसेना, कडेने हवा सुटून डोळ्यांत जायची. शेवटी मिशी उतरवली. चतुर्थीला घरी आलेल्या पाहुण्यांनी त्यावरून काय थट्टा केली ते सांगत नाही. पावसात वीज जायची आणि मी मास्कातच दचकून उठायचो. इन्व्हर्टर घ्यावा लागला, तो खर्च कुणी आधी सांगितला नव्हता.

तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.९वरून ७.६. याचं श्रेय मी मशीनला देत नाही. सीपॅपने साखर हमखास उतरते असं संशोधनातही ठाम दिसलेलं नाही, आणि माझं संध्याकाळचं चालणंही याच काळात वाढलं होतं. रात्रीच्या फेऱ्या मात्र एकावर आल्या.

परवा बायको वैतागली. घरात न्याहारीला पाव नव्हते. ते घ्यायचं काम इतकी वर्षं माझं, कारण त्या वेळी जागा मीच. पोदेर येऊन भोंगा वाजवून गेला, मला पत्ताच नाही.