थकलेला पगार आणि १५२७ चं रोम

२०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आम्ही कुडचड्याला होतो, पप्पा खाणीवर कामाला आणि आधीचाच चार महिन्यांचा पगार अडकलेला. ते ओरडले नाहीत की कोणाच्या दारात गेले नाहीत, रात्री नुसते बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून राहायचे. म्हणूनच बहुतेक, रोमची लूट वाचताना मला पोप आणि सम्राट नंतर दिसले, आधी दिसला तो पगार.

सैन्य जर्मनी-स्पेनवर राज्य करणाऱ्या सम्राट पाचव्या चार्ल्सचं. जर्मन भाडोत्री पायदळ, स्पॅनिश, इटालियन मिळून वीस हजारांच्या आसपास, आणि महिनोन्महिने हातात काही नाही. जर्मनांचा सेनापती फ्रुंड्सबर्ग, त्याने स्वतःची मालमत्ता गहाण टाकून ही माणसं गोळा केलेली. मार्चमध्ये बोलोन्याजवळ तीच माणसं 'पैसे, पैसे' करत उठली, त्याच्यावरच भाले रोखले, आणि ज्यांना तो पोरं म्हणायचा त्यांना समजावता समजावता त्याला झटका आला, तिथेच एका ढोलावर बसला, परत त्या सैन्यासोबत गेलाच नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

६ मे ला धुक्यात रोमवर हल्ला झाला, उरलेला सेनापती बूर्बों तटावर चढतानाच पडला, मग आवरणार कोण? पोपचे अंगरक्षक असलेल्या १८९ स्विस गार्डांपैकी १४७ मेले, बाकीचे पोप सातव्या क्लेमेंटला घेऊन सांत आंजेलोच्या किल्ल्यात. आणि शहरात जे झालं त्याचा मला आजही राग येतो. सांतो स्पिरितो हॉस्पिटलमधले पेशंटसुद्धा मारले! एकाच माणसाकडून आधी स्पॅनिश खंडणी घ्यायचे, मग जर्मन. त्या लोकांनी कोणाचा पगार अडवला होता? देणं सम्राटाचं, आणि वसुली झाली ती नर्सेस, भटारी, सुतार यांच्याकडून. पोपवर चार लाख डुकाटांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, खंडणी लावली ती वेगळीच. मग प्लेग आला. सैन्य शहरातून कायमचं हललं ते फेब्रुवारी १५२८ मध्ये.

परवा फोनवर हे सगळं पप्पांना सांगितलं. खूप वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आणि त्या म्हाताऱ्याचं गहाण सुटलं काय रे?"

नाही सुटलं. १५२८ मध्येच तो आपल्या गावी वारला, कर्ज तसंच ठेवून.