रामवाडीला उतरलो तेव्हा

स्मरणिकेसाठी सेमिनरीतल्या सुरुवातीच्या दिवसांविषयी लिहा म्हणालात, म्हणून हे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या हरेगावाकडे सेमिनरीविषयी माहिती एवढीच: मुलगा तिथे जातो आणि काही वर्षांनी फादर होऊन येतो. मधे काय होतं हे कुणी विचारत नसे, आणि फादरही आपणहून सांगत नसत. मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेत पांढऱ्या झग्यातले ब्रदर (फादर व्हायला निघालेली मुलं) गर्दी आवरताना दिसायचे, तेवढंच काय ते दर्शन. त्यामुळे १९८६ च्या जूनमध्ये मी पुण्याच्या पेपल सेमिनरीत दाखल झालो तो डोक्यात एक मठ घेऊनच. दगडी भिंती, मेणबत्त्या आणि खाली घातलेल्या माना.

नगरकडून येणारी एसटी शहरात शिरायच्या आधीच रामवाडी लागते. तिथे उतरलो, ट्रंक उचलली. आत व्हरांड्यात पोचतो न पोचतो तोच एक फुटबॉल येऊन त्या ट्रंकेवर आदळला, आणि त्याच्यामागून चौघे जण मल्याळीत तावातावाने भांडत आले. त्यांतल्या एकाने चेंडू काखेत मारला, दुसऱ्या हाताने माझी ट्रंक उचलली आणि मला खोलीपर्यंत पोचवलं. भांडण चालूच होतं. मठ तिथेच संपला.

पण खरी गंमत निराळी. नगर जिल्हा त्या वर्षी पुणे धर्मप्रांतातच, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या हद्दीतच होता (नाशिक वेगळा झाला तो १९८७ साली), म्हणजे मी अगदी घरचा उमेदवार. आणि नेमका मीच परका! केरळ, तामिळनाडू, मंगलोर, गोवा, छोटा नागपूर अशी कुठकुठली मुलं. भाषा इंग्रजी, गप्पांची भाषा ज्याच्या त्याच्या गावची, आणि मराठी ऐकायची तर स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं. तिथल्या मावशींना माझं ‘काय करून राह्यले’ ऐकून भरून यायचं. ताटात जिकडेतिकडे भात. दक्षिणेकडचे भातवाले, छोटा नागपूरचेही भातवाले; भाकरीच्या बाजूने मत देणारा मी एकटा. मावशी कधीमधी स्वतःच्या डब्यातली चतकोर बाजरीची भाकरी आणि ठेचा कागदात गुंडाळून ठेवायच्या. ते नियमात बसत नसावं.

जुन्या मंडळींकडून कळलं की ही सेमिनरी मुळात पुण्याचीच नव्हे. पोप लिओ तेरावे यांनी ती १८९३ साली श्रीलंकेत कँडीला काढली, आणि १९५५ साली ती रामवाडीला आली. भारताच्या तारणाचं काम भारताचेच पुत्र करतील, हा तिच्या बोधवाक्याचा आशय. म्हणजे ही वास्तूच बाहेरगावची निघाली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. मी आलो त्याच वर्षी फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे पुण्याला येऊन गेले होते. सीनियर मुलं त्या दिवसाच्या गोष्टी अशा रंगवून सांगायची की आपण चार महिने उशिरा जन्मलो असं आम्हा नव्यांना वाटावं.

दिनक्रम घंटेवर. पहाटे उठणं, चिंतन, मिस्सा म्हणजे रोजची उपासना, नाश्ता, साफसफाई, तास, खेळ, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, अभ्यास, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन. या मौनाची मला धास्ती होती. प्रत्यक्षात दिवसभराच्या इंग्रजीनंतर तीच एक वेळ अशी होती की सगळे एका भाषेत असायचे. सफाईच्या वाटपात पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे संडास आले. जोडीला छोटा नागपुरातल्या सिमडेग्याकडचा एक मुलगा. त्याने न बोलता झगा काढून खिळ्याला टांगला, लुंगी खोचली आणि खराटा असा चालवला की मला नुसती बादली ओतायचं काम उरलं. संध्याकाळी हॉकीच्या मैदानावर त्याची काठी तशीच चालायची, आणि तिथेही आम्ही नुसते बघ्ये.

तास शेजारच्याच ज्ञान-दीप विद्यापीठात. मला वाटलं होतं, आल्याबरोबर बायबल शिकवतील. पण क्रम असा की आधी तत्त्वज्ञान, मधे रिजन्सी म्हणजे बाहेर काम, आणि मग कुठे ईशज्ञान, म्हणजे धर्माचा अभ्यास. पहिल्या वर्षी हाती आलं ते तर्कशास्त्र, ॲरिस्टॉटल आणि चक्क शंकराचार्य. फादर रिचर्ड डी स्मेट या बेल्जियन जेझुइटांनी (येशूसंघाच्या धर्मगुरूंनी) शांकर वेदान्तात आयुष्य घातलं ते याच आवारात शिकवत. उपनिषदातला उतारा आला की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. मराठी माणसाला संस्कृत येतंच, असा त्यांचा समज. मीही तो फार ताणून धरला. लोहगावचं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की सर वाक्याच्या मध्यावर थांबत, आणि आवाज विरला की नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरू करत.

माझा भाव वधारला तो सुट्टीच्या दिवशी. लक्ष्मी रोडला, मंडईत खरेदीला जायचं तर मराठी बोलणारा हवा. पहिल्याच खेपेला आम्ही छत्र्या घ्यायला गेलो. मी खास नगरी मराठीत भाव विचारला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, बरोबरच्या केरळी पोरांकडे पाहिलं आणि मला हिंदीत उत्तर दिलं. एक पैसा कमी केला नाही, ते वेगळंच. परतताना क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये डोकावलो. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभं राहिलेलं हे देऊळ. ही हकीकत मी सोबत्यांना मोठ्या दिमाखात सांगितली, जणू जागा आमच्याच सातबाऱ्यावरची होती.

मी पुढे दीक्षा घेतली नाही, तत्त्वज्ञान संपवून बाहेर पडलो आणि शिक्षक झालो. तरी स्मरणिकेत लिहायला सांगितलंत, हे तुमचं मोठेपण, किंवा लेख कमी पडले असतील.

पहिल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीने जवळ बसवून विचारलं, “काय शिकवत्यात रं तिथं?” मी सांगितलं, “आजी, सध्या वाद कसा घालायचा ते शिकवतात.” ती म्हणाली, “त्याला पुण्याला कशापायी जायचं? तुझा चुलता रोज पारावर फुकट शिकवतो की.”