पोदेराला सगळं ठाऊक असतं

जपानात कोबेला येऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली, आत क्लिपबोर्ड आणि त्याला तीन-चार जपानी कागद. मला वाटलं कसलीतरी जाहिरात असणार, उचलून फ्रीजवर ठेवला आणि विसरून गेले. पाचव्या दिवशी शेजारच्या आजी दारात उभ्या, कमरेत वाकून माझीच माफी मागतायत आणि मला कळेना ह्या बाईने माझं काय बिघडवलंय. मग ऑफिसातल्या एकीला फोटो दाखवला तर ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली. तो काइरानबान होता, म्हंजे गल्लीचा फिरता निरोप, वाचायचा, सही ठोकायची आणि पुढच्या घरी पोचवायचा, आणि माझ्या फ्रीजमुळे पुढच्या नऊ घरांना तो मिळालाच नव्हता.

निरोप होता आपत्तीच्या ड्रिलचा. रविवारी सकाळी नऊला, शाळेच्या मैदानावर, हातमोजे घेऊन या.

आता ड्रिल म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळेतलं येतं, दोन माणसं सिलिंडर घेऊन आली, पत्र्याच्या डब्यात आग लावली, विझवली, टाळ्या, चहा-सामोसे, घरी. इथे मी अपराधीपणाने गेले (नऊ घरं!) आणि बघते तर सत्तरी ओलांडलेली माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतायत. मला अग्निशामक हातात दिला, आत नुसतं पाणी, आणि सांगितलं आधी ‘काजी दा!’ म्हणून ओरड, म्हंजे आग लागली. मी ओरडले तर म्हणाले अजून मोठ्याने, शेजारी झोपलाय. मग दोन बांबू आणि एक घोंगडी घेऊन स्ट्रेचर कसा करायचा, आणि गाडीचा जॅक लावून पडलेली तुळई कशी उचलायची. जॅकची गंमत मला तेव्हा कळली नाही, ती नंतर कळली.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. इथे मोठ्या माणसांना ही वेळ पाठ असते. त्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली, त्यातली बरीचशी स्वतःच्याच घराखाली, झोपेत. अग्निशमन दलाच्या गाड्या रस्त्यात अडकल्या, जिथे पोचल्या तिथे जमिनीखालचे पाईप फुटलेले, नळाला पाणी नाही. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या साधारण ३५,००० लोकांपैकी २७,००० च्या आसपास लोकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बाहेर काढलं असा अंदाज आहे, हातांनी, करवतीने, गाडीच्या जॅकने. म्हणून तो जॅक. त्यानंतर कोबेने वस्तीवस्तीत ‘बोकोमी’ नावाची मंडळं काढली, साधारण एका प्राथमिक शाळेभोवतालची वस्ती म्हंजे एक मंडळ, आणि आपत्तीची तयारी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल ही दोन्ही कामं मुद्दाम एकाच मंडळाकडे दिली.

का मुद्दाम, ते मला आवाजी बेटावर समजलं. कोबेसमोरच आहे, आता मोठ्या पुलावरून गाडीने जाता येतं. भूकंपात जमीन जिथे फाटली तो तुकडा तिथे तस्साच झाकून जपून ठेवलाय, तो बघायला आम्ही गेलो होतो. तिथल्या होकुदान गावात घरं धडाधड पडली, पण गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाच्या पोरांना कुठल्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे माहीत होतं, त्यामुळे अख्खा ढिगारा उपसत बसायची गरज नव्हती, थेट त्या जागेवर खणायचं. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत अडकलेल्यांचा शोध संपला होता. माणसं तिथेही गेलीच, पण शोध संपला होता.

मी तिथे उभी राहून आमच्या गावाचा विचार करत होते. कारण कोण कुठे झोपतं हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार हो? आमच्या वाड्यावर कोणाच्या चुलीवर आज सुंगटाचं हुमण, म्हंजे कोळंबीचं कालवण आहे आणि कोणाकडे सोमवारचं शिवराक, म्हंजे शाकाहारी, हे वासावरून सांगतात. इथे कोबेत माझ्या लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत पण नाहीत, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा गुडघा कामातून गेलाय आणि त्यांना जिन्यावरून उतरवायला दोघं लागतील हे गल्लीच्या कागदावर लिहिलेलं आहे, त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने, आणि ते दोघं कोण हेही ठरलेलं आहे. आपल्याला सगळं ठाऊक असतं आणि लिहिलेलं काहीच नसतं.

२३ जुलै २०२१ ला म्हादई नदी आमच्या गावात शिरली तेव्हा मी इथेच होते, रात्रभर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघत. सत्तरी, डिचोली, पेडणे सगळीकडे तेच. १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं मुख्यमंत्रीच म्हणाले होते. आमच्याकडे होडी आली ती बाहेरची माणसं घेऊन, चांगली माणसं, जिवावर उदार होऊन आलेली, पण ती विचारतायत आत किती जण आहेत आणि काठावरचे दहा जण दहा आकडे सांगतायत. आमची एक काकी मागच्या पडवीत अडकलेली, माचावर चढून बसलेली, आणि हे पुढच्या दाराला हाका मारतायत! शेवटी काकी घरात आहे, फोंड्याला लेकीकडे गेलेली नाही, हे कोणी सांगितलं असेल? पोदेराने, म्हंजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याने. कारण आदल्या सकाळी तिने त्याच्याकडून दोन पोळ्या (आमच्याकडचा पाव) घेतल्या होत्या.

इथल्या गल्लीच्या मीटिंगला मी आता न चुकता जाते. वस्तीचा मोठा नकाशा टेबलावर पसरतात, त्यावर पारदर्शक प्लास्टिक आणि रंगीत मार्कर, आणि मग प्रत्येकाने आपल्याला माहीत आहे ते काढायचं, कुठली भिंत पडायला आलीय, कुठे विहीर आहे, कोणाकडे जनरेटर आहे, पावसात कुठल्या वळणावर पाणी तुंबतं. महापालिकेचा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो आणि बहुतेक वेळ ऐकतो, हे बघून मला पहिल्यांदा फार मजा वाटली. २०१४ पासून तर कायद्यानेच सोय आहे की रहिवाशांनी आपल्या वस्तीचा आराखडा स्वतः करायचा आणि पालिकेपुढे ठेवायचा. सगळं गोडगोड चालतं असं नाही हं. कुत्र्यांना शाळेच्या हॉलमध्ये घ्यायचं की नाही यावर दोन मीटिंगा गेल्या. तरुण पोरं येतच नाहीत, मी चाळिशीची, तर त्यांच्यात मी ‘तरुण’. मला काम काय दिलं, तर मागच्या बिल्डिंगमधल्या नेपाळी आणि व्हिएतनामी मुलांपर्यंत पोचायचं, कारण काइरानबान त्यांच्याही फ्रीजवर जाऊन पडतो. १९९५ ला नागाता भागात हेच झालं होतं, सूचना सगळ्या जपानीत, मग व्हिएतनामी आणि कोरियन लोकांसाठी त्यांच्या भाषेतले छोटे छोटे रेडिओ सुरू झाले.

आणि घरात साठा करून ठेवा असं इथले लोक सांगतात तेव्हा मला हसू येतं. आमच्या आईचं पुरुमेंत बघा म्हणावं! मे संपायच्या आत सोलां, सुकी मासळी, मिरच्या, तांदूळ, पडवीत लाकडं रचलेली, चार महिने पाऊस कोसळू दे. कुंभारजुव्याचे माझे आजोबा अमावस्या-पुनवेच्या भरतीला कंदील घेऊन खाजनाच्या, म्हंजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावर फेरी मारायचे, कुठे भोक पडलं तर चिखल-पेंढा घेऊन अख्खा वाडा धावायचा, कारण बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात. त्याला कोणी ‘लोकसहभाग’ म्हणत नव्हतं. आता बांधाचं काम निघालं की टेंडर निघतं.

तर गेल्या एप्रिलात मी दादाच्या मागे लागले. माझा भाचा आपदा मित्रचं, म्हंजे सरकारच्या आपत्ती-स्वयंसेवकांचं, बारा दिवसांचं ट्रेनिंग करून आलेला, किट मिळालेलं, पण गावात त्याला त्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. तालुक्याच्या एका ऑफिसात आराखडा आहे म्हणे, दादाने जाऊन बघितला, त्यात आमच्या गावचा संपर्क म्हणून ज्यांचा नंबर होता ते वारून तीन वर्षं झालेली. मग देवळाच्या मंडपात मीटिंग ठेवली. अकरा माणसं आली, त्यातल्या पाच-सहांना वाटलं नळाच्या पाण्याची मीटिंग आहे. पंचायतीचा एक पंच आला, फोटो काढून गेला. भाच्याने चार्टपेपर चिकटवून नकाशा केला आणि लगेच भांडण, १९८२ चं पाणी देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं यावर दोन म्हातारे अर्धा तास हमरीतुमरीवर, मी इथून व्हिडिओ कॉलवर ऐकतेय, रात्रीचे साडेदहा वाजलेले. पण त्या भांडणातूनच कळलं की आम्ही ज्या समाजमंदिरात लोकांना न्यायचं ठरवलेलं ते १९८२ ला पाण्यात होतं, म्हंजे तेव्हा तिथे शेत होतं, पण पाणी काय शेत आणि मंदिर बघून येतं?

मी म्हटलं पोदेराला बोलवा. दादा म्हणाला तुझं डोकं फिरलंय, पण दुसऱ्या दिवशी सकाळी भोंपू वाजल्यावर त्याला थांबवलंच. त्याने सायकल टेकवली, नकाशा बघितला, दोन घरांवर बोट ठेवून म्हणाला ही बंद आहेत, दिवाळीपासून कोणी नाही. मग म्हणाला, काजूच्या बागेमागची खोली काढली नाही तुम्ही?

कुठली खोली?

कर्नाटकातलं कामगार कुटुंब, सात जणं, दोन अगदी बारकी पोरं, रोज चौदा पाव. नदीपासून सगळ्यात जवळ तेच आहेत.

दादाने फोटो पाठवलाय. नकाशाच्या एका टोकाला, चार्टपेपर संपतो तिथे, पेनने एक वाकडातिकडा चौकोन आणि त्यात ७.