नदी वर, शहर खाली

न्यू ऑर्लिन्समध्ये कोणाला वाट विचारली, तर उत्तर-दक्षिण असे उत्तर सहसा मिळत नाही. ‘नदीच्या बाजूला’ किंवा ‘तळ्याच्या बाजूला’, प्रवाहाच्या वरच्या अंगाला किंवा खालच्या अंगाला, अशा चार दिशांवर तेथील व्यवहार चालतो, कारण मिसिसिपी शहराला चंद्रकोरीसारखा वळसा घालते आणि तिच्या काठाने वळत गेलेल्या रस्त्यांपुढे होकायंत्र निरुपयोगी ठरते. रेल्वेच्या रुळांवरून ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ ठरवणाऱ्या माझ्यासारख्या कुर्लेकराला यात काहीच परके वाटले नाही. परके वाटले ते पुढेच: तेथे नदी पाहायला चढून जावे लागते. जुन्या वस्तीतून काठाकडे निघालो की रस्ता हळूहळू वर जातो, शेवटी बांध चढावा लागतो, आणि मग नदी दिसते. पाणी चढलेले असले, तर मागे वळून पाहताना घरांची जोती आपल्या पाठीमागच्या प्रवाहापेक्षा खाली असल्याचे ध्यानात येते.

१७१८ साली बियाँव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याने ही जागा निवडली, ती मूळ रहिवाशांनी दाखवलेल्या एका आडवाटेमुळे. समुद्राकडून येणाऱ्याला नदीच्या मुखाचा लांबचा फेरा टाळून पाँचरट्रेन तळ्यातून आणि एका लहान ओढ्यातून नदीच्या अगदी जवळ पोहोचता येत असे. शिवाय दरवर्षीच्या पुरात गाळ साचून काठाची पट्टी आपोआप उंच झालेली होती. पुढे शहर स्पेनकडे गेले. १७८८ आणि १७९४ च्या आगींत फ्रेंच घरे बहुतेक जळाली, त्यामुळे आज ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणून पर्यटक ज्याची छायाचित्रे काढतात, त्यातले बरेचसे बांधकाम स्पॅनिश राजवटीतले आणि नंतरचे आहे. १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना विकत घेतला. यादवी युद्धापूर्वी देशातला गुलामांचा सर्वांत मोठा बाजार येथेच भरत असे, आणि त्याच शहरात रविवारी काँगो चौकात गुलामांना जमून ढोल वाजवण्याची मुभा होती. १९०१ मध्ये येथे जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँगच्या संगीताची मुळे शोधणारे त्या चौकापर्यंत जातात.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती पंपांची कथा. काठाच्या उंच पट्टीमागे तळ्यापर्यंत दलदल होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अल्बर्ट बाल्डविन वुड या अभियंत्याने प्रचंड क्षमतेचे पंप तयार केले, पाणी उपसून कालव्यांवाटे तळ्यात सोडले जाऊ लागले, आणि कोरड्या झालेल्या जमिनीवर वस्ती पसरली. परंतु त्या जमिनीत कुजलेल्या वनस्पतींचा थर होता, आणि पाणी काढून घेतल्यावर तो आक्रसून खचू लागला. जमीन जितकी खचली तितका उपसा वाढला, आणि उपसा वाढला तशी ती आणखी खचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतांशी समुद्रसपाटीच्या वर असलेले शहर अशा रीतीने जवळजवळ निम्मे खाली गेले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी आमच्या घरात आली, आणि आम्ही गाद्या वाळवत असतानाच २९ ऑगस्टला कतरिना वादळाची बातमी आली. न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. पण तो नदीने बुडवला नाही. पाणी बाहेर नेण्यासाठी खोदलेल्या कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि त्याच वाटेने तळे आत शिरले. गाळाच्या उंचवट्यावर वसलेली जुनी वस्ती मात्र बरीचशी कोरडी राहिली. अठराव्या शतकातल्या लोकांना पर्याय नव्हता म्हणून ते उंचावर राहिले, हे मान्य करूनही, नंतरच्या शहाण्या पिढ्यांपेक्षा त्यांची जागेची पारख बरी होती असे मला वाटते.

मिठीला आम्ही आता दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या आहेत, आणि शहरात पंपांची केंद्रेही उभी राहिली आहेत. आमच्या गल्लीचा रस्ता तर दर काही वर्षांनी जुन्या थरावरच नवा थर चढवून दुरुस्त होतो. लहानपणी आमच्या घरात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता एक उतरावी लागते.