रॅम बदलायला पासवर्ड लागत नाही

दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा एक चिठ्ठी चिकटवलेली असते. नाव, मोबाइल नंबर आणि त्याखाली पासवर्ड. मी मागितलेला नसतो. ‘लागंल की ताई तुम्हाला, म्हणून लिहूनच आणलाय,’ असं म्हणत माणसं लॅपटॉप काउंटरवर ठेवतात आणि बस गाठायला निघतात. मी त्यांना थांबवते आणि चिठ्ठी काढून हातात देते. जत-आटपाडीकडून आलेल्या माणसाला वाटतं, पासवर्ड दिला नाही तर काम अडेल आणि आपल्याला पुन्हा हेलपाटा पडेल. म्हणून हे एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

सांगलीत विश्रामबागेत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कामांना तुमच्या विंडोजमध्ये शिरायची गरजच पडत नाही. रॅम बदलणं, बॅटरी बदलणं, तुटलेली बिजागरी, फुटलेला स्क्रीन, धूळ बसून घरघरणारा पंखा, यातलं काहीही असो, मशीन चालतंय की नाही हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघता येतं. आवाज, कॅमेरा, वायफाय, कीबोर्डची प्रत्येक कळ तपासायची असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालू करते. तुमची डिस्क बाजूला राहते आणि तपासणी पूर्ण होते. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधून तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलण्याआधी डिस्क काढून गिऱ्हाइकाच्या हातातच देते. दोन केबल आणि चार स्क्रू, एवढंच ते काम.

पासवर्ड लागतो तो विंडोजच्या आतली गडबड असेल तेव्हा. अपडेट अडकलंय, प्रिंटर दिसत नाही, व्हायरस शिरलाय. अशा वेळी माणसाला शेजारच्या खुर्चीवर बसवते आणि पासवर्ड त्यालाच टाकायला लावते. थांबायला वेळ नसेल तर आधी घरी वेगळं खातं उघडून त्याचा पासवर्ड ठेवायला सांगते. पण त्या खात्याला ॲडमिनचे अधिकार दिले तर तुमचे फोल्डरही उघडता येतात, हेही सांगते. ज्यांची सगळी कागदपत्रं त्यातच आहेत त्यांनी शेजारी बसलेलंच बरं.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास मांडला. लॅपटॉपमध्ये मुद्दाम आवाजाचा किरकोळ बिघाड करून ते त्यांनी १६ दुरुस्ती केंद्रांत दिले. काही लॅपटॉप बाईचे वाटतील असे तयार केले होते, काही पुरुषाचे. आत कोण काय उघडतं याची नोंद गुपचूप होत होती. सहा ठिकाणी तंत्रज्ञांनी मालकाच्या खाजगी फाइल उघडून पाहिल्या, दोन ठिकाणी तर त्या कॉपी करून घेतल्या. काहींनी पाहिल्याच्या खुणाही पुसल्या. बाईच्या लॅपटॉपमध्ये डोकावण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्याच अभ्यासात त्यांनी नुसती बॅटरी बदलायलाही लॅपटॉप नेला, आणि एक ठिकाण सोडून सगळ्यांनी पासवर्ड मागितला. बॅटरी बदलायला!

हे वाचून मला फार वाईट वाटलं. हा माझा धंदा आहे, त्याची मला लाज वाटावी असं कुणी करू नये. माझ्याकडे मुली येतात, त्यांच्या आया सोबत येतात, आणि लॅपटॉप देताना ‘आत फोटो आहेत’ एवढंच हळू आवाजात सांगतात. त्या वाक्यामागची भीती मला कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण ‘आत फोटो आहेत’ असं सांगणाऱ्या मुलीला कायद्याचं कलम नको असतं, मशीन तिच्या डोळ्यांसमोर उघडलं जावं एवढंच हवं असतं. ते करणं अवघड नाही. काउंटरमागची खुर्ची काउंटरपुढे आणली की झालं.

गेलेला डेटा परत काढायचं काम येतं तेव्हा मात्र मला आत बघावंच लागतं. रिकव्हरीची सॉफ्टवेअर फोटोंचे छोटे नमुने आपोआप दाखवू लागतात. मी तो नमुने दाखवण्याचा पर्याय आधी बंद करते आणि नुसती नावं आणि आकार बघते. सापडलेलं सगळं गिऱ्हाइकाने आणलेल्या डिस्कवर उतरवते, दोन-चार फाइल त्यालाच उघडून बघायला सांगते, आणि माझ्या मशीनवर काही उरलं असेल तर त्याच्यादेखत पुसते.

इथेच लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज पुढे येतो. ‘मी डिलीट केलंय, आता काय राहिलंय त्यात?’ हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की विंडोज फक्त आपल्या नोंदवहीत ती जागा मोकळी म्हणून लिहितं. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी शेत आणि त्यातलं उभं पीक जागेवरच असतं, तसं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी फाइल तिथेच पडून असते. क्विक फॉरमॅटही नोंदवहीच नवी करतं. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. त्याला तास-दोन तास लागतात, आणि म्हणूनच कुणी ते करत नाही.

एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, वागणं वेगळं. तिथे डिलीट केल्यावर ट्रिम नावाच्या सूचनेने विंडोज एसएसडीला कळवतं की हे कप्पे आता नकोत, आणि एसएसडी आपल्या सवडीने ते साफ करते. त्यामुळे चुकून उडालेले लग्नाचे फोटो एसएसडीवरून परत मिळणं फार कठीण. उलट, सगळं पुसलं गेलंय याची खात्रीही वरून शून्यं लिहून मिळत नाही, कारण झीज सारखी वाटली जावी म्हणून एसएसडी लिखाण सतत नव्या कप्प्यांत करते आणि काही कप्पे स्वतःजवळ राखून ठेवते. तिला पुसायचं तर तिच्या आतलीच सिक्युअर इरेजची सोय वापरावी लागते. ती काही बायोसमध्ये असते, काही कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. विश्रामबागेचा आमचा भाग उंचावर असल्याने वाचला. पाणी उतरल्यावर हरभट रोड, मारुती चौकाच्या बाजूने कॅबिनेट यायला लागले, आतून चिखल गळणारे. त्या वर्षी प्राप्तिकराच्या विवरणपत्रांची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलेली होती, म्हणजे कर सल्लागारांच्या मशीनमध्ये गावभरच्या लोकांचे पॅन, बँकेची खाती, पगाराचे आकडे ऐन कामाच्या दिवसांत बुडाले.

हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं. हवेसाठी गाळणी आहे, पण पुराच्या पाण्यापुढे तिचं काय चालणार? पाण्याबरोबर गाळ आत जातो. डिस्कचं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. गाळ वाळून बसलेल्या तबकडीवर ते डोकं फिरलं की चुंबकीय थर खरवडून निघतो, आणि तो गेला की जगातली कुठलीच प्रयोगशाळा काही करू शकत नाही. म्हणून भिजलेली डिस्क उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही, तांदळात पुरायची नाही, आणि ‘एकदा लावून बघू’ तर अजिबात नाही. ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून क्लीन रूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायची. माझ्याकडे क्लीन रूम नाही, त्यामुळे मी डिस्कचं झाकण उघडत नाही. खालचं सर्किट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुण्यापर्यंतच माझा हात. सर्किट जळालं असेल तर तशाच दुसऱ्या डिस्कचं लावून भागत नाही. त्या डिस्कच्या जुळणीचे आकडे ज्या चिपमध्ये असतात ती चिप जुन्या सर्किटवरून उतरवून नव्यावर चढवावी लागते.

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते रस्त्याकडेच्या ढिगांनी. गाद्या, कपाटं, पोत्यातलं कुजलेलं धान्य आणि त्यातच फेकलेले कॅबिनेट. भंगारवाले ते उचलत होते. लोकांना वाटत होतं की पाण्यात गेलं म्हणजे संपलं. पण २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान परतताना आकाशात फुटलं, त्याच्या अवशेषांत सापडलेल्या एका करपलेल्या हार्ड डिस्कवरून प्रयोगाचा बहुतेक सगळा डेटा नंतर वाचता आला होता. चिखलात भिजलेली डिस्क त्यापुढे काहीच नाही. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सांगत होते की कॅबिनेट द्या, पण डिस्क काढून घ्या. काहींनी काढल्या. काहींचं घरच वाहून गेलेलं, त्यांना मी काय सांगणार होते?

पूर नसतानाही हे रोज घडतं. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत या दोघांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. चालणाऱ्या १२९ निघाल्या, आणि त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, पत्रं, लोकांच्या आजारपणाच्या नोंदी. मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. २०२२ मध्ये मॉर्गन स्टॅनलीच्या एका उपकंपनीला अमेरिकेत ३.५ कोटी डॉलरचा दंड झाला. जुन्या डिस्क आणि सर्व्हर मोडीत काढायचं काम त्यांनी या कामाचा काहीच अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं, आणि त्यातली काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट लिलावाच्या संकेतस्थळावर विकली गेली.

आपल्याकडे शाळेची लॅब बदलते, दवाखान्यात नवा संगणक येतो, पतसंस्थेचं नूतनीकरण होतं, आणि जुने सीपीयू वजनावर जातात. वजनाच्या भावात त्या डिस्कचे किती येणार? तेवढ्यासाठी पेशंटची यादी देऊ नका. डिस्क काढून ठेवा. चालत असेल तर पूर्ण फॉरमॅट करा. पस्तीस वेळा पुसावं लागतं असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका, ती १९९६ च्या काळातल्या डिस्कसाठीची पद्धत होती आणि ती सुचवणाऱ्या पीटर गुटमननेच नंतर तसं स्पष्ट केलं. आजच्या हार्ड डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरतं. बंद पडलेली असेल तर ड्रिलने तबकडीतून आरपार भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडी बऱ्याचदा काचेची असते, चुरा डोळ्यांत उडेल, चष्मा लावा.

या सगळ्याहून सोपा उपाय म्हणजे डिस्क सुरुवातीपासून कुलूपबंद ठेवणं. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर म्हणतात, आणि विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बहुधा आपोआप सुरू होतं. लॅपटॉप चोरीला गेला, दुरुस्तीला दिला, भंगारात गेला, तरी चावीशिवाय डिस्कवर नुसते निरर्थक आकडे दिसतात. मला ही सोय मनापासून आवडते. पण तिचाच एक नवा ताप हल्ली दर आठवड्याला दुकानात येतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसचं अपडेट झालं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की असते मायक्रोसॉफ्ट खात्यात. आणि ते खातं कुणाचं? लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्या मेलवर उघडलेलं, किंवा त्या दिवशी तयार करून पासवर्डही विसरलेलं. एका मुलीचा पीएचडीचा सगळा मजकूर असाच अडकला होता. नशिबाने दुकानदाराला खातं आठवलं, फोनवर ओटीपी येऊन गेला आणि की मिळाली. नसती मिळाली तर माझ्याकडे त्यावर काहीच इलाज नव्हता. तो कुणाकडेच नसतो, तसंच ते बनवलेलं आहे.

तेव्हा हे वाचून झाल्यावर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का बघा. तो पर्याय दिसलाच नाही तर तुमच्या मशीनला ती सोय नसेल, किंवा तुम्ही ॲडमिनच्या खात्यातून शिरलेले नसाल. सुरू असेल तर त्या लॅपटॉपवरचं खातं तुमच्याच मेलचं आणि तुमच्याच मोबाइल नंबरचं आहे ना, याची खात्री करून घ्या, आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून रेशन कार्ड ठेवता त्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, आणि दुरुस्तीला येताना माझ्याकडेही आणू नका. लागलेच तर मी फोन करीन, तुम्ही येऊन स्वतः टाका.