तुम्ही विचारलंत म्हणून: कामार्गच्या बैलाला मारतात का?

दक्षिण फ्रान्समधल्या कामार्गच्या पांढऱ्या घोड्यांविषयी काही लिहावं, तर पहिला प्रश्न ठरलेला: "पण तिथे बैलांना मारतात ना?"

खेळात मारत नाहीत. तिथल्याच आर्ल शहरातल्या रोमन रिंगणात स्पॅनिश पद्धतीची झुंजही होते, तीत बैल मरतो, आणि लोक दोन्ही खेळ एकच धरतात. कामार्गचा बैल म्हणजे काळा, चणीने लहान, शिंगं वर वळलेली. तो 'कूर्स कामार्गेज' या तिथल्या खेळात उतरतो आणि पुन्हा कुरणात जातो.

बैलाच्या कपाळावर लाल फीत, शिंगांच्या बुडाशी एकेक पांढरा लोकरी गोंडा आणि करकचून गुंडाळलेली दोरी. पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू, म्हणजे 'राझेतर', हातात दातेरी आकडी घेऊन बैलाच्या तोंडासमोरून अर्धवर्तुळात पळतात. दोघांच्या वाटा जिथे मिळतात तिथेच हात शिंगांपर्यंत जातो, तेवढ्यात आकडी ओढायची आणि थेट कठड्यावर झेप घ्यायची. चांगला बैल मागोमाग कठड्यावर धडकतो. आधी फीत कापायची, मग ओढायची, मग गोंडे, शेवटी दोरी. बक्षिसाची रक्कम चढत जाते. मुरलेला बैल उगाच धावत नाही. मोक्याची जागा धरतो, माणसाला जवळ येऊ देतो आणि मग सुटतो. १५ मिनिटं संपली की खेळ संपला. जाहिरातीच्या फलकावर बैलांची नावं ठळक असतात. ल कायलार गावात सांग्लिए नावाच्या बैलाची समाधी आहे.

पूर्वी मी इथेच थांबत असे. पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. आकडीचे ओरखडे उठतात. खेळातले बहुतेक बैल खच्ची केलेले असतात. जे चमकत नाहीत ते खाटकाकडे जातात. त्या मांसाला १९९६ पासून सरकारमान्य भौगोलिक ओळखही आहे. हा खेळ नसता तर दलदलीत हे कळप कुणी राखले असते, हे मी आजही ठासून विचारेन. कळपाशिवाय त्या घोड्यालाही काम उरत नाही. पण म्हणून डाग सोसणाऱ्या वासराचं दुखणं कमी होत नाही.

वर्षभराचं वासरू घोडेस्वार कळपातून फोडून काढतात. माणसं त्याला हातांनी आडवं पाडतात आणि तापल्या लोखंडाने मांडीवर मालकाचा डाग देतात. कानाला खाच असते, बिल्लाही असतो, मग डाग कशाला? घोड्यावरून, पाण्यापलीकडून बिल्ला वाचता येत नाही, हे खरं. तेवढं कारण पुरेसं आहे, असं मात्र मला म्हणवत नाही.