भीमगीतांची भरलेली कॅसेट आणि रात्रभराचा सामना

भीमगीतांच्या चाहत्यांमध्ये एक वाद जुना आहे आणि एप्रिल जवळ आला की त्याला दरवर्षी नव्याने रंग चढतो. गाणे ऐकावे ते मंडपात बसून, की घरी कॅसेट लावून? संभाजीनगर, परभणी, नांदेड आणि जालना येथे पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात दोन्ही पक्षांचे खंदे समर्थक आहेत. मी दोन्हीकडचे भरपूर ऐकले आहे आणि माझे मत असे की, मराठवाड्यात मंडपातले गाणे मोठे झाले ते कॅसेटमुळे. कॅसेटने शब्द घराघरांत पाठ करून दिले, आणि शब्द पाठ असलेले श्रोते समोर बसले तेव्हाच गायकाला हात मोकळा करून गाता आले.

या गाण्याची परंपरा अर्थातच कॅसेटच्या फार आधीची आहे. सत्यशोधक जलशांनी पाडलेल्या वाटेवरून आंबेडकरी जलसे आले, आणि नाशिक भागातील भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज प्रबोधनाच्या कामी लावला. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीते रचली, ती स्वतः गावोगाव फिरून गायली आणि आपल्यामागे कवींची व गायकांची एक मोठी पिढी उभी केली. कव्वालीच्या पार्ट्यांनी, म्हणजे गायक-वादकांच्या ताफ्यांनी, त्या शब्दांना टाळ्यांची लय आणि चढती गती दिली. ध्वनिमुद्रिका निघत होत्या, पण तबकडी वाजवण्याचे यंत्र घेणे वस्तीतल्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते, त्यामुळे मराठवाड्यातल्या बहुतेक घरांना हे गाणे कार्यक्रमातूनच मिळत असे. वर्षातून एकदोनदा ऐकावे आणि जेवढे ध्यानात राहील तेवढे गुणगुणावे, एवढीच सोय होती.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि हे चित्र बदलले. हीच वर्षे आमच्याकडे नामांतर आंदोलनाची होती, आणि माझ्या दृष्टीने हा योग महत्त्वाचा आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. घरातली वडीलधारी मंडळी सांगतात की, त्या काळात प्रत्येक गावात उघड्यावर गायनाचा कार्यक्रम ठेवता येईलच अशी स्थिती नव्हती. कॅसेट मात्र दार लोटून घेऊन, आवाज बेताचा ठेवून ऐकता येई. ज्या गावात मंडप पडत नव्हता, त्या गावातही त्या वर्षांत गाणी पाठ झाली ती अशी.

आमच्या घरी विकतची, छापील वेष्टनाची कॅसेट क्वचितच आली. बाजारातल्या दुकानात कोरी कॅसेट देऊन ती ‘भरून’ घ्यायची पद्धत होती. दुकानदाराकडे एक जाडजूड वही असे, तीत गाण्यांचे मुखडे ओळीने लिहिलेले असत, आणि आपण बोट ठेवून निवड करायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला साधारण चार गाणी बसत, म्हणून घरात आधी चर्चा होई की आईच्या आवडीची दोन, काकांची तीन, आणि उरलेल्या जागेत मुलांची. त्यामुळे आवडता अल्बम कोणता असे कोणी विचारले, तर मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या बहुतेक माणसांचे खरे उत्तर हेच असेल की, तो आमच्या घराने स्वतः रचलेला होता. एकापाठोपाठ कोणते गाणे येते तेही अंगवळणी पडलेले असे. आजही प्रल्हाद शिंदे यांचे एक विशिष्ट गाणे संपले की, त्यानंतरच्या शांततेत मला बाजू बदलण्याआधीचे ते शेवटचे गाणे ऐकू येऊ लागते, जरी त्या दोन गाण्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण कॅसेटच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष त्यांच्या आवाजाचीच आहे. कव्वालीच्या पार्टीत कोरसमधून पुढे आलेला हा गायक वरच्या पट्टीत लागत असे आणि तिथेही त्याचा शब्द फाटत नसे. वरच्या पट्टीत स्वर पोहोचवण्याच्या नादात अनेक गायकांचे व्यंजन पुसट होते, आणि ऐकणाऱ्याला चाल कळते पण ओळ कळत नाही. प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यात ‘ळ’ आणि ‘ण’ सुद्धा स्वच्छ ऐकू येतात. शब्दासाठीच जन्मलेल्या या गाण्याला असा गळा मिळाला, हे मी या परंपरेचे भाग्य मानतो. त्यांनी विठ्ठलाची गाणीही तितक्याच तन्मयतेने गायली. आमच्याकडे आषाढीला देवळाच्या कर्ण्यातून जो आवाज येतो, तोच १४ एप्रिलला विहारावरच्या कर्ण्यातून येतो. एरवी एकाच गावाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन जागांना जोडणारा दुसरा आवाज मला माहीत नाही.

आता मंडपाची बाजू. कॅसेटमध्ये जे कधीच येऊ शकत नाही त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे सामना. गायक आणि गायिका, दोघांच्या दोन पार्ट्या, समोरासमोर नाही तर एकाच मंचावर आळीपाळीने गाणार. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत किंवा तिच्यावर मात करणाऱ्या चालीत उत्तर द्यायचे. परभणी जिल्ह्यातल्या एका वस्तीत ऐकलेला असा सामना माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. गायकाने बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर एक दमदार रचना गाऊन सभा जिंकली होती, टाळ्या थांबत नव्हत्या. गायिका उठली, तिने गाण्याआधी म्हणायची साखी म्हटलीच नाही. डावीकडे सतरंजीवर बसलेल्या बायकांकडे वळून तिने थेट रमाईच्या गाण्याची टेक, म्हणजे ध्रुवपदाची ओळ, धरली. गोवऱ्या थापून संसार रेटणाऱ्या आणि २७ मे १९३५ रोजी गेलेल्या त्या माऊलीचे वर्णन दुसऱ्या अंतऱ्यात आले, तेव्हा ढोलकीवाल्याने पुडीवर सपाट पंजा ठेवून नाद बंद केला. पेटीवाल्यानेही भाता सोडला आणि एकच सूर कसाबसा तग धरून राहिला. टेक उचलली ती बायकांनी. कोरसची मंडळी मंचावर गप्प उभी होती आणि तीन वेळा, चार वेळा ती ओळ खालून वर येत राहिली. मग पंजा उठला, ढोलकीने दुप्पट लयीत सम गाठली आणि मंडप उभा राहिला.

त्या बायकांना ती ओळ पाठ होती, म्हणून हे घडले. गाणे त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा ऐकले असते, तर ढोलकी थांबल्यावर नुसता सन्नाटा झाला असता. ती ओळ त्यांनी भाकरी थापताना, शेतात खुरपताना आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कॅसेटवर शेकडो वेळा ऐकलेली होती. कॅसेट आणि मंडप यांना एकमेकांचे वैरी मानणाऱ्यांशी माझा जो मतभेद आहे, तो इथे आहे.

मंडपात गाण्यांमध्ये व्यत्ययही फार, अशी तक्रार कॅसेटवाले करतात, आणि ती वस्तुस्थिती आहे. अंतरा ऐन भरात आला की कोणीतरी नोट घेऊन मंचाजवळ येतो, गायक गाता गाता वाकून ती घेतो, आणि पुढच्या ओळीआधी ध्वनिक्षेपकावरून अमुक वस्तीच्या तमुक यांच्याकडून अकरा रुपये बक्षीस मिळाल्याबद्दल पार्टी आभारी आहे, असे जाहीर होते. परभणीचे माझे मामा या घोषणांना कंटाळून मागच्या रांगेत जाऊन बसत. मला मात्र त्या घोषणा हव्याशा वाटतात. सालगड्याच्या, हमालाच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या नावाचा आदराने उच्चार एरवी कोणत्या ध्वनिक्षेपकावरून होत होता? नाव पुकारले गेले की तो माणूस जागच्या जागी उठून जयभीम करी, आणि गायक त्याच सुरात जयभीम परत देऊन पुढची ओळ उचले. मुरलेला गायक ही घोषणा सुद्धा लयीत बसवतो. नवख्या गायकाची मात्र तिथे गाडी रुळावरून घसरते.

हे रात्रभराचे सामने आता दुर्मीळ झाले आहेत, आणि त्याला नुसती रसिकता आटल्याचे कारण देणे योग्य नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, आणि राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ती रात्री बारापर्यंत शिथिल करता येते. नियम मला रास्त वाटतो. पण एप्रिलमधल्या आमच्या उन्हात रात्रीची जेवणे उरकून, जमीन निवल्यावर नऊच्या पुढे मंडप भरतो, हेही खरे आहे. वंदना, प्रमुख पाहुण्यांचे सत्कार आणि मनोगते यांत तास-दीड तास गेला की गाण्याच्या वाट्याला उरते फारच थोडे, आणि सामन्याला तर सवाल रुजायलाच तेवढा वेळ लागतो. जयंती मंडळांनी सत्कार आवरते घेऊन गाणे वेळेवर सुरू करावे, एवढे तरी त्यांच्या हाती आहे.

नांदेडच्या आमच्या वहिनी कॅसेटच्या कट्टर बाजूच्या. त्यांचे म्हणणे असे की, मंडपात गायक टाळ्यांच्या मागे लागतो आणि जोशाची गाणीच गातो. दुःखाचे, चिंतनाचे, बुद्धाच्या करुणेचे गाणे ऐकायचे तर एकट्यानेच ऐकावे लागते. “भाऊजी, मंडपात कोणाला रडू येतं का? आलं तरी चारचौघांत डोळे पुसायची लाज वाटते,” असे त्या एकदा म्हणाल्या. वर लिहिलेला सामना मी त्यांना सांगितला, तरी त्यांचे समाधान झाले नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मीही मानतो. बुद्धवंदनेच्या संथ चालींची गाणी मी मंडपात नीट ऐकल्याचे मला आठवत नाही. ती घरीच ऐकली.

कॅसेटवरचा माझा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. वामनदादांच्या परंपरेतील गीतांमध्ये शेवटच्या अंतऱ्यात कवीची नाममुद्रा असते; संतांच्या अभंगांप्रमाणेच गाणारा आणि ऐकणारा, दोघांनाही तिथे कवी भेटतो. गाणे कॅसेटच्या मापात बसवताना अंतरे कमी करावे लागले, तेव्हा कात्री अनेकदा शेवटच्या अंतऱ्यावर चालली, आणि त्याबरोबर कवीचे नाव गेले. दुकानात भरून घेतलेल्या कॅसेटवर तर वेष्टनही नसे. अशी कितीतरी गाणी आज ‘पारंपरिक’ या नावाखाली फिरत आहेत. लेखणीच्या बळावर उभ्या राहिलेल्या चळवळीत लिहिणाऱ्याचेच नाव पुसले जावे, हे मला सहन होत नाही. मंडपातले जुने गायक याबाबतीत काटेकोर असत. वेळ कमी असला तर ते मधला अंतरा गाळत, पण नाममुद्रेचा अंतरा कधीच गाळत नसत.

अलीकडे भ्रमणध्वनीने तिसरीच वाट काढली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचे एकतारीवरचे गाणे लोकांपर्यंत पोहोचले ते मोबाईलवरच्या चित्रफितींतून, कोणत्याही कंपनीच्या कॅसेटविना. एक तार आणि एक मोकळा, मातीतला गळा एवढ्यावर त्या गातात, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द समोर येऊन उभा राहतो. दुसरीकडे त्याच मोबाईलवर आणि मिरवणुकीतल्या डीजेवर जुन्या गाण्यांच्या अशा आवृत्त्या वाजतात की ठेक्याखाली मुखड्याशिवाय काही ऐकू येत नाही. तरुणांनी नाचू नये असे मी म्हणणार नाही. जयंती हा आनंदाचाच दिवस आहे. पण या गाण्यांचे अंतरे ज्यांना पाठ नाहीत अशी एक पिढी आता मंडपात येऊन बसते आहे. ढोलकीवर पंजा पडला, तर टेक उचलायला पुढे कोण येईल, याची मला काळजी वाटते.

१४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो जनसागर लोटतो, तिथे पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत गाण्यांचीही दुकाने असतात. पूर्वी तिथे कॅसेटचे ढीग असत, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्ह मिळतात. दूरच्या खेड्यांतून आलेली म्हातारी माणसे तिथे आजही दुकानदाराला गाण्याची एक ओळ गाऊन दाखवतात आणि हे आहे का, असे विचारतात.

अनेक घरांत अजून अशा कॅसेट आहेत, ज्यांत कोणीतरी टेपरेकॉर्डर कर्ण्याजवळ धरून गावातला अख्खा सामना भरून ठेवलेला आहे. त्या कॅसेट ओलीपासून जपाव्यात आणि लवकरात लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. उतरवताना गाव, साल, पार्टी, गायक आणि ठाऊक असल्यास कवी यांची नावे लिहून ठेवावीत. आणि आवाज स्वच्छ करण्याच्या नादात बक्षिसांच्या घोषणा कापू नयेत, कारण पुष्कळदा तो कार्यक्रम कोणत्या गावचा, कोणत्या सालचा आणि तिथे कोण कोण बसले होते, हे सांगणारा दुसरा पुरावा त्या कॅसेटमध्ये नसतो.